अर्धी हाक

"घ्या गो बायांनो, जवळाऽ... सोडेऽ... सुके बोंबीलऽ..."

ही हाक शेवटची ऐकली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आवाज माझ्या आयेचा. डोक्यावर पाटी, पाटीवर धुतलेलं फडकं, आणि गळा असा की गल्लीच्या या तोंडाला हाक घातली की त्या तोंडाच्या घरातलं झोपलेलं मांजर उठून बसायचं.

आमच्या खाडीकाठची हाक दोन तोंडांची. पहिला तुकडा विकणारीचा, काय आणलंय ते सांगणारा. दुसरा तिच्यासोबतच्या बाईचा नाहीतर लेकीचा, कुणाचं आणलंय ते सांगणारा. आपल्या मालाला आपणच आपलं नाव लावायचं नाही, नाव दुसऱ्याच्या तोंडून यावं, अशी रीत. म्हणून आये थांबायची. आणि तिच्या मागून, तिच्या लुगड्याचा काठ धरून, मी हाक पुरी करायची. त्या दुसऱ्या तुकड्यात तिचं नाव असायचं.

त्या वर्षी मला तालुक्याच्या शाळेत घातलं होतं. एका रविवारी आये नेमकी माझ्या वर्गातल्या मुलींच्या गल्लीत वळली. वरच्या गॅलरीत दोघी उभ्या होत्या, नाकाला रुमाल लावून. आयेनं पहिला तुकडा म्हटला आणि थांबली. मी माझ्या चपलांकडे पाहत राहिले. ती आणखी थोडी थांबली. मग एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गॅलरीकडे. पाटी सावरली आणि चालू लागली.

त्यानंतर तिनं मला पाटीला कधी नेलं नाही. कधी विचारलंही नाही.

ही गोष्ट सांगायची आहे ती मात्र चौतीस वर्षांनंतरची, गेल्या पौषातली.

मी हेमांगी. पुण्याच्या अन्नभाव केंद्रात काम करते. माणसांना अन्नाविषयी खरोखर काय वाटतं ते मोजणं हे आमचं काम. पूर्वी हे प्रश्नपत्रिकेवर चालायचं. पण काय आवडतं असं कागदावर विचारलं की माणूस जिभेला बाजूला बसवतो आणि अब्रूला उत्तर द्यायला पुढे करतो. घरात चुलीपाशी उभं राहून जे बोटं चाटून खातो, तेच कागदावर 'क्वचित' होतं.

म्हणून रुचिकाटा आला. तारेचा एक नाजूक आकडा, नाकपुडीला लावायचा. समोर छोटी कुपी उघडायची. वास आत गेला की पहिल्या पाव सेकंदात शरीर आपलं मत देऊन मोकळं होतं. श्वास खोल जातो किंवा आखडतो, गालाआड लाळ सुटते, वरच्या ओठाजवळचा केसाएवढा स्नायू हलतो किंवा गप्प राहतो. या पहिल्या उत्तराला आम्ही ओढ म्हणतो. मग अर्धा सेकंद उलटतो आणि मन पोचतं. मन एकटं येत नाही. घर, जात, शाळा, सासर, जाहिराती, सगळा गोतावळा घेऊन येतं. हे आपलं, हे परक्यांचं, हे पाहुण्यांसमोर नको. तेव्हा तोच श्वास वाटेत अडखळतो. त्या अडखळण्याला आम्ही आड म्हणतो. ओढ किती आणि आड किती, दोन्ही शंभरात मोजायचं.

एक अडचण होती. दमट हवेत, उकाड्यात कुणाचाही श्वास बदलतो. म्हणून काट्याला रोज सकाळी शून्य दाखवावं लागतं. ज्या माणसाला त्या पदार्थाचं काहीच नाही, ना आवड ना नावड, अशा एकाला आधी सगळ्या कुप्या हुंगवायच्या आणि त्याचा आलेख बाकी सगळ्यांच्या आलेखातून वजा करायचा. त्याला शून्यधारक म्हणतात. सुक्या मासळीची शून्यधारक अकरा वर्षं मी होते. केंद्रात मला लाडानं शून्यताई म्हणत.

नेमणुकीच्या अर्जात एक रकाना होता: या पदार्थाशी आपला पूर्वसंबंध. मी लिहिलं होतं, 'घरात नव्हता. कधी खाल्ला नाही.' ते लिहायला मला एक मिनिटही लागलं नव्हतं.

बोरखाडीच्या शाळेच्या पडवीत आम्ही काटा मांडला. खाडीकाठची सात गावं, सातही शाळांत दुपारच्या जेवणात आठवड्यातून तीनदा जवळा-भात. जवळा म्हणजे करंगळीच्या नखाएवढी कोळंबी, उन्हात वाळवलेली. तो पुरवायची बायांची संस्था. दर तीन वर्षांनी जिल्हा शाळेचं जेवण नव्यानं ठरवायचा आणि ज्या पदार्थाला मुलांची ओढ तिसाच्या खाली, तो पदार्थ यादीतून जायचा. त्याच्या जागी शहरातून पोषणवडी यायची. चौकोनी, पिवळी, कुठल्याच गावाचा वास नसलेली.

संस्थेच्या अध्यक्ष गोमाबाय नाखवा आल्या. कंबरेला पदर खोचलेला, साठीच्या पुढच्या, पण चाल अशी की समोरच्यानं आपणहून वाट सोडावी. आकडा पाहून हसल्या.

"ही काय गो, पुण्याची नथ? मोती कुठं हाय हिचा?"

"मावशी, हलू नका. श्वास नेहमीसारखा घ्या."

"घेईन नेहमीसारखा. पण तू अशी बघू नको, चोर धरल्यासारखी."

पडवीतल्या बाया खिदळल्या. गोमाबायनी कुपी हुंगली, डोळे मिटले, मग एक डोळा उघडून म्हणाल्या, "हा दोन उनांचा जवळा. तिसरं ऊन नाय लागलं. कोणी दिला तुमाला?"

यंत्राला जे कळायला प्रयोगशाळेत नऊ वर्षं लागली होती, ते या बाईच्या नाकात घरचंच होतं.

"तू कनच्या गावची?" त्यांनी आकडा काढता काढता विचारलं.

"पुण्याची."

"पुण्याची? मंग कुपी उघडताना तोंड नाय फिरवलंस ते? पुण्याची सगळी फिरवतान."

"सवय झाली," मी म्हटलं.

दुपारी त्या मला खळ्यावर घेऊन गेल्या. सारवलेलं मैदान, त्यावर गुलाबी जवळ्याची चादर. चार बाया वाकून हलक्या हातानं झाडूनं जवळा परतत होत्या, एक जण घारी हाकलत होती. परतता परतता एकीनं ओवी धरली, दुसरीनं उचलली.

खळ्यावरी जवळा गं, वर उन्हाची चादर
आयेच्या हाताला मीठ, त्या मिठाला आदर

मी खाली पाहिलं. ही ओवी मला पाठ होती.

गोमाबायनी मूठभर जवळा उचलला आणि वरून परत सोडला. पडताना तो खळखळला. "असा वाजला पायजे. वाजला नाय तर तो जवळा नाय, नुसता कचरा. बायांना मी सांगते, पोरांच्या ताटात जायचाय, देवाला नैवेद्य दावतो तसा वाळवा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "खोटं नाय बोलत. माजा जवळा चांगला. पण कोंडपाड्याच्या हिरूबायसारखा या खाडीत कोणाचा नाय. अर्ध्या हाकेची हिरूबाय. ऐकलंस नाव?"

मी मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, मलाच कळलं नाही.

"तिच्या हाकेला नाव लावायला कोणी नाय. मंग अर्धीच मारते. चौतीस वर्सं. आता लोकं अर्ध्या हाकेवरूनच वळखतान तिला. मी बोलले, हिरू, मी लावते तुजं नाव, माजा गळा काय वाईट हाय? तर बोलली, नको गोमा. ती जागा भरलेली हाय."

घारीची सावली जवळ्यावरून सरकून गेली. मी पाणी मागितलं.

माझ्या घरी पुण्याला येताना आये आधी दोन दिवस खळ्यावर पाऊल ठेवत नसे. पिशवीत लाडू आणायची, शेवग्याच्या शेंगा आणायची, मासळीचं एक खवलंही नाही. माझ्या सासरी मी सांगितलं होतं, आई शेती बघते. तिनं ती शेतीही निभावली. भातावर रोग पडलाय का असं सासऱ्यांनी विचारलं की खाली बघून म्हणायची, यंदा बरं हाय.

चौथ्या दिवशी सातही गावांचे आकडे आले. बोरखाडीची ओढ अकरा. पुढच्या गावाची नऊ. कोंडपाड्याला मी स्वतः गेले नव्हते, दुसरी तुकडी पाठवली होती, पण शून्य माझंच लावलं होतं. तिथं बारा. आड सगळीकडे शून्य. काट्यानं खाली निष्कर्ष छापला होता: उदासीन.

गोमाबायना तो शब्द मीच वाचून दाखवला.

"उदासीन म्हंजे?"

"म्हणजे... असलं काय आणि नसलं काय, मुलांना सारखंच."

त्या खुर्चीत बसल्या. आल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना बसलेलं पाहत होते. "मना शिवी दिली असतीस तर चाललं असतं," त्या म्हणाल्या. "नावडतो म्हणाली असतीस तरी चाललं असतं. नावडत्याशी भांडता येतं. पण आमच्या पोरांना जवळा उदासीन? बाय, तुजी नथ खोटी हाय."

"काटा खोटं बोलत नाही, मावशी."

"मंग कोण बोलतंय?"

त्या उत्तराला थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पंचायतीच्या सभागृहात सुनावणी होती, सात गावांच्या बायांना बोलवायला त्या निघून गेल्या.

मी शाळेच्या कचेरीत दार लोटून बसले आणि छापील आकड्यांच्या मागचे कच्चे आकडे उघडले. ओढीचे आकडे पाहिले, मग आडीचे. काट्याची एक सवय आहे: वजाबाकीत शून्याखाली काही गेलं तर तो शून्यच छापतो. पण कच्च्या पानावर खरी संख्या राहते. बोरखाडीच्या एकशेबारा मुलांची आड होती उणे चौऱ्याहत्तर. उणे बाहत्तर. उणे पंचाहत्तर. एकूण एक मुलाची.

शून्याहून कमी लाज कुणाला असते? ताटातल्या घासाची लाज नाही इथवर समजू शकतं. त्याच्याही खाली कुणी कसं जाईल? तसं एकाच वाटेनं होऊ शकतं. ज्याला शून्य मानलं, त्याच्याच पोटात लाज भरलेली असेल तर.

मी माझा स्वतःचा आलेख उघडला. अकरा वर्षांत कधी उघडला नव्हता. शून्यधारकाच्या आलेखात काय पाहायचं असतं?

दोन रेषा होत्या. ओढ, अठ्ठ्याहत्तर. आड, शहात्तर. एक वर चढलेली, एक तितकीच खाली उतरलेली, पाण्याकाठच्या झाडाखाली त्याचं प्रतिबिंब पडावं तशी. माझी नेमणूक झाली तेव्हाचा जुना काटा या दोन रेषा वेगळ्या काढत नव्हता, फक्त बेरीज सांगत होता. बेरीज आली होती दोन. तज्ज्ञांनी शेरा मारला होता, उत्तम शून्य. दोन वर्षांपूर्वी नवा काटा आला तेव्हा तोच दाखला पुढे चालू राहिला.

मी माझा आलेख बाजूला काढला आणि कोऱ्या, म्हणजे कसलाच वास नसलेल्या कुपीचं शून्य लावून पाहिलं. ते थोडं ओबडधोबड असतं, पण चालतं. बोरखाडीची ओढ एकोणनव्वद. आड दोन. गेल्या वर्षी याच जिल्ह्यात पिकलेल्या हापूसला ब्याऐंशी आले होते.

मी त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत होते. छाती भरून येते म्हणतात ते काय असतं ते मला त्या कचेरीत कळलं. एकशेबारा मुलं, आणि एकाही श्वासाला अडखळ नाही. जे मला नवव्या वर्षी जमलं नाही, ते या पोरांना नकळत जमत होतं.

केंद्राचे प्रमुख डॉ. शिकलगार यांना फोन लावला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माणूस भला, मला बहिणीसारखं वागवणारा.

"हेमांगी, हे बाहेर गेलं तर अकरा वर्षांच्या किनाऱ्याच्या नोंदी रद्द होतील, कळतंय ना? आणि तुझी जागा मी वाचवू शकणार नाही. खोटा अर्ज म्हणजे थेट घरी."

"कळतंय, सर."

"असं कर. उद्या सांग, खाऱ्या हवेनं काटा बिघडला. तीन महिन्यांनी दुसरा शून्यधारक घेऊन पुन्हा मोजू. कुणाचं नाव नको यायला."

"यादी उद्याच कायम होतेय, सर. तीन महिन्यांनी मोजू आणि तीन वर्षं वडी खातील. आणि काटा बिघडलेला नाही. त्यानं बरोबरच मोजलंय."

ते हळूच म्हणाले, "मी उद्या पडद्यावर असेन. तू काय म्हणशील ते ऐकेन. मध्ये बोलणार नाही."

मग मकरंदला फोन केला. नवऱ्याला लग्नानंतर पंधरा वर्षांनी सांगायची गोष्ट कशी सुरू करतात ते ठाऊक नव्हतं. "मकरंद, आई शेती बघत नाही," मी म्हटलं.

"बरं."

"ती सुकी मासळी विकते. पाटी घेऊन. मी..."

"हेमा," तो म्हणाला, "मंडईत आपण किती वेळा गेलोय? सगळीकडून तू भरभर चालतेस. सुकटीच्या गाळ्यापाशी आलीस की हळू होतेस. नाक वर करून. मला वाटलं, सांगायचं तेव्हा सांगेल."

"इतकी वर्षं?"

"तुझ्या आईच्या भातावर एकदाही रोग पडला नाही. आमच्या बाबांनासुद्धा संशय आलाय."

मी हसले, आणि हसता हसता रडले.

सभागृह सकाळीच भरलं. सात गावांच्या बाया, गर्द रंगांची लुगडी, केसांत अबोलीच्या वेण्या. टेबलामागे गटशिक्षणाधिकारी वंजारी मॅडम, भिंतीवरच्या पडद्यावर डॉ. शिकलगार. तिसऱ्या ओळीत कडेला आये बसली होती. एकोणसत्तर वर्षांची, हिरवं लुगडं, हात मांडीवर. तिनं मला पाहिलं आणि लगेच खिडकीबाहेर पाहू लागली. लेक मोठ्या कामावर आलीय, तिची ओळख द्यायची नाही. हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. मीच शिकवलं होतं.

"अहवाल आमच्यापर्यंत आलाय," वंजारी मॅडम म्हणाल्या. "ओढ तिसाच्या खूपच खाली आहे. कुणाला काही म्हणायचं असेल तर थोडक्यात सांगा."

गोमाबाय उठायच्या आत मी उठले.

"अहवाल चुकलाय, मॅडम. काटा चुकला नाही. शून्य चुकलंय."

पडद्यावर मी माझा आलेख लावला. दोन रेषा, एक वर, एक खाली.

"हा शून्यधारकाचा आलेख. याच्यात काहीच नसायला हवं. तुम्हीच बघा केवढं आहे. ही वरची रेषा ओढीची. जवळ्याचा वास आला की या बाईचं सगळं अंग त्याच्याकडे धावतं. आणि ही खालची लाज. पाठोपाठ येते आणि तिला मागे खेचते. तुमच्या मुलांच्या ओढीतून हिची ओढ वजा झाली, म्हणून मुलं उदासीन दिसली. आता हिला बाजूला काढते."

नवा आकडा पडद्यावर आला. एकोणनव्वद.

"हापूसहून जास्त," मी म्हटलं. "आमच्या केंद्राच्या अकरा वर्षांच्या नोंदींत इतकी ओढ दुसऱ्या कुठल्याही पदार्थाला मिळालेली नाही. आणि आड दोन. या खाडीच्या पोरांना आपल्या घासाची लाज नाही."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. बाया एकमेकींना ढोसू लागल्या. गोमाबाय मात्र पडद्याकडेच पाहत होत्या.

"ती बाई कोण?" वंजारी मॅडमनी विचारलं. "असा शून्यधारक नेमला कुणी?"

"नेमणूक तिनं फसवून मिळवली. अर्जात लिहिलं, घरात नव्हता, कधी खाल्ला नाही." मी पडद्यावरच्या त्या दोन रेषांकडे बोट केलं. "ती बाई मी आहे. मी कोंडपाड्याची. जवळ्यावरच वाढले. याच्यापुढे मी शून्यधारक नाही, तसं सरांना कळवलंय."

पडद्यावर शिकलगार सरांनी चष्मा काढला आणि मान एकदा खाली केली.

गोमाबाय सावकाश माझ्याकडे वळल्या. "कोंडपाड्याची? कोणाची गो तू कोंडपाड्याची?"

मी उत्तर देणार होते. पण तिसऱ्या ओळीत खुर्ची सरकली. आये उठली होती. सभागृहाकडे तिचं लक्षच नव्हतं, मॅडमकडे नव्हतं, त्या एकोणनव्वदाकडेही नव्हतं. तिनं डोक्यावर नसलेली पाटी हातानं सावरली. गळा आता पूर्वीचा राहिला नव्हता, काठाशी फाटला होता, पण हाक तीच होती.

"घ्या गो बायांनो, जवळाऽ... सोडेऽ... सुके बोंबीलऽ..."

आणि ती थांबली. चौतीस वर्षं जिथं थांबत आली होती, तिथंच. सगळं सभागृह तिच्याबरोबर थांबलं. या वेळी मी चपलांकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं, श्वास घेतला, तो खोल आत गेला आणि वाटेत कुठंही अडखळला नाही.

"हिरूच्या हातचाऽ..." मी म्हटलं, "माझ्या आयेच्या, हिरूच्या खळ्याचाऽ!"